टॉवेल बांधलेलं फाटक

२३ ऑगस्ट, दुपार
फायर कॅम्प, शाळेचं मैदान

प्रिय डॅड,

मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल, असं पत्रात लिहायची पद्धत आहे. मी मात्र ते वरून पाहून लिहितेय.

वणव्याच्या धुराने भर दुपारी आकाश नारिंगी होतं आणि रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात. पक्षी नाहीत. काल माझ्या टेबलावर नेच्याचं एक अख्खं पान येऊन पडलं. पूर्ण काळं, पण शिरा शाबूत. बोट लावलं तर नाहीसं झालं. इथे याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे बाहीने टेबल पुसतात आणि जेवायला बसतात.

तुमचे शेजारी होबार्ट इथे शाळेच्या जिममध्ये खाट टाकून आहेत, कोंबड्यांसकट. रोज मला अडवतात.

"म्हातारा कुठाय गं तुझा? माझी करवत घेऊन पळाला तो!"

"आत्याकडे गेले असतील."

"ऑरिन? बहिणीकडे? त्यापेक्षा तो आगीत जाऊन बसेल!" आणि स्वतःच हसतात.

शेरीफच्या पोलीस पथकातल्या लॉर्नाने तुमच्या फाटकावर पांढरा टॉवेल पाहिला. टॉवेल म्हणजे घर रिकामं, तिथे पुन्हा कुणी जायचं नाही. "तुझा बाप शहाणा झाला म्हणायचा," ती म्हणाली. "मला वाटलेलं, बंदूक घेऊन दारात उभा असेल." तो टॉवेल मी ओळखते. हिरव्या काठाचा, मॉमचा.

माझ्या कामाला तुम्ही खेळण्यातलं विमान उडवणं म्हणता. उजाडताना ड्रोन वर जातो. त्याच्या कॅमेऱ्याला उष्णता दिसते, धूर आडवा येत नाही. जे गरम, ते पांढरं. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला मी नाव देते: बुंधा, खडक, जनावर. त्या नकाशावर विसंबून माणसं आत जातात.

परवा तुमच्या घराभोवती बरेच ठिपके होते. एल्क हरणं. छपरावरचे फवारे चालू आहेत, गवत ओलं आहे, म्हणून ती आली, इथपर्यंत मला समजतं. पण ती चरत नव्हती. घराकडे पाठ करून, गोल धरून उभी होती. ड्रोन डोक्यावर आला तरी एकही हललं नाही. गोलाच्या आत, मॉमला पुरलंय त्या झाडाखालच्या बाकावर, आणखी एक ठिपका होता. मी त्याला 'जनावर' असं लिहिलं.

कालही तसंच लिहिलं.

मला एकटं सोड, असं तुम्ही मॉमच्या अंत्यविधीनंतर सांगितलं होतंत. मी सांगितलेलं नीट ऐकते. कारण म्हणून हे पुरेसं नाही, ते मला कळतं.

आज सकाळच्या बैठकीत इनेझने नकाशा पसरला. आगीपुढे आग लावायचं काम तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "उद्या दुपारी वारा डोंगराकडे वळेल. तेव्हा रस्त्यापासून वर आपणच पेटवत जायचं. मोठी आग खाली येईपर्यंत तिला खायला काही उरायला नको. हे जमलं नाही तर गाव गेलं. रस्त्याच्या वरची घरं रिकामी आहेत ना?"

तुमचं घर रस्त्याच्या वर आहे, डॅड.

"एक नाहीये," मी म्हणाले. "माझे वडील आहेत."

"टॉवेल आहे की तिथे."

"टॉवेल आहे. तेही आहेत."

लॉर्नाने डोक्यावरची टोपी काढली. "अरे देवा, ऑरिन!"

इनेझ माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आत माणूस असेल तर मी काडी लावणार नाही," ती म्हणाली. "तुझा बाप असो, नाहीतर आणखी कुणाचा." म्हणजे होबार्टचं घर, ही शाळा, हे सगळं जाईल.

त्यानंतर लॉर्ना तुमच्या फाटकापर्यंत जाऊन हॉर्न वाजवत राहिली. तुम्ही बाहेर आला नाहीत. फोनचा टॉवर जळालाय. म्हणून हे पत्र खेळण्यातल्या विमानाला बांधून पाठवतेय. बाकावर टाकीन.

आज सकाळचं एक लिहायचं टाळत होते. बाकाच्या एका टोकाला तुम्ही होतात. दुसऱ्या टोकाला एक फिकट ठिपका होता. माणूस उठून गेला तरी बसल्या जागेची ऊब थोडा वेळ राहते आणि कॅमेऱ्याला दिसते. तुम्ही सरकून बसला असाल, असं मी धरलं. मग सुरुवातीपासूनचं सगळं चित्रण पुन्हा पाहिलं. तुम्ही सरकला नव्हतात. आणि ऊब कमी होत जाते. ही होत नव्हती.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. हे मी कुणाला दाखवलेलं नाही.

उद्या उजाडताच लॉर्ना फाटकाशी गाडी उभी करेल. टॉवेल सोडून घ्या आणि रस्त्यावर या. होबार्टची करवतही आणा, नाहीतर ते मला जगू देणार नाहीत. मी वरून पाहत असेन. एल्क वाट अडवणार नाहीत असं वाटतं, खात्री देता येत नाही.

गाडीकडे एक ठिपका येताना दिसला की इनेझला कळवीन. दोन आले, तर दोघांनाही मी 'माणूस' लिहीन.

वरून पाहणारी,
मॅव्हिस