ओविदिओची ताटली

केत्साल्तेनांगो, १० ऑक्टोबर

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात सिस्टर बेनितांनी आपल्याला सणाच्या फियाम्ब्रेसाठी, त्या थंड कोशिंबिरीसाठी, बीट चिरायला बसवलं होतं, आठवतं? माझे हात मनगटापर्यंत लाल, आणि तू मात्र बीट हवंच कशाला म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालत होतीस. त्या म्हणाल्या होत्या, ही पोर वकील तरी होईल, नाही तर मार तरी खाईल. तू दोन्ही केलंस, बाई!

फोनवर कुणी तरी कान लावून असतं, म्हणून पत्र. परवा भिंतीवर ‘देशद्रोही’ असं रंगवून गेले. मी पुसलं नाही. शेजारीच तुझी पितळी पाटी ठोकली: नोएमी एस्कोबेदो, न्यायाधीश. खिळे जरा मोठेच वापरले.

सर्व संतांच्या सणाला फियाम्ब्रेच्या ताटल्या दरवर्षीच्याच घरी पाठवू ना? ओविदिओचं काय करायचं, ते सांग.

माया आहे तशीच ठेव, भीती मात्र ठेवू नकोस.
तुझी,
एउलालिया

सान होसे, २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळ्यांना पाठव, त्याला नको. कर्नलच्या खटल्याच्या वेळी मंत्र्याच्या कचेरीतून आलेला तो फोन, कर्नलला सोडा नाही तर खुर्ची सोडा, माझ्या शेजारच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्यानेही ऐकला होता. मी कर्नलला शिक्षा दिली. खुर्ची गेली, देशही सुटला. तो अजून गप्प आहे.

अठरा नोव्हेंबरला इथल्या मानवी हक्क न्यायालयात माझी सुनावणी आहे. माझ्यानंतर त्या खुर्चीत जो कुणी बसेल, त्याला फोनकडे बघत निकाल लिहावा लागू नये, एवढंच मागणं आहे. पण साक्षीदार नाही. सरकारचे वकील म्हणतात, फोन आलाच नव्हता, बाईंना भास झाला.

त्याला ताटली दिलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. भरपूर बीट घालून दिलीस तर बघू.

तुझ्या आशीर्वादावर उभी,
नोएमी

केत्साल्तेनांगो, ४ नोव्हेंबर

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद.

दिली. आईच्या निळ्या ताटलीत, बीट घालून, स्वतः नेऊन. त्याला सांगितलं, निकाल देणं तुझं काम, माझं ताटली पोचवणं. मान खाली घालून घेतली त्याने.

दुसऱ्या दिवशी स्वतः आला ताटली परत करायला. रिकामी! मी दारातच विचारलं, इतकी वर्षं न्यायाधीश आहेस, पण शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करू नये, एवढं तुझ्या आईने शिकवलं नाही का? तर म्हणाला, ताई, हिच्यात घालण्यासारखं घरात काही उरलेलं नाही. जे द्यायचं आहे, ते सान होसेलाच द्यावं लागेल. फोन आला होता, मी ऐकला होता, असं उभं राहून सांगतो. म्हटलं, खुर्ची जाईल. म्हणाला, जाऊ दे, तशीही बसवत नाही तिच्यात.

उद्याच्या बसने निघतोय. माझ्याशी बोलायचं की नाही, ते त्याची साक्ष ऐकून ठरव.

तुझीच, बोल किंवा न बोल,
एउलालिया

ता. क. त्याच्याबरोबर पिशवी देते आहे. पाकातला भोपळा तुला. सुकं चीज तुझ्या वकीलबाईंना, फार वाळल्यात म्हणतेस ना. तुझा काळा झगा इस्त्री केलाय, सुनावणीला तोच घाल. ज्यांना काढून घ्यायचा असेल, त्यांनी सगळ्यांदेखत काढावा. निळी ताटली मात्र ओविदिओची. साक्ष झाली की त्याच्या हातात दे. रिकामी नको.