ताराच्या बरणीतला तिसरा मासा

जळगाव, भाद्रपद वद्य ६, संध्याकाळ

ताराचा दुसरा लाल मासाही आज गेला. माझ्या पोरीला जाऊन वर्ष झालं. काचेच्या बरणीतले हे दोन मासे, एवढंच तिचं हलतं-फिरतं काही घरात उरलं होतं. कणकेची गोळी ज्याची त्याला, अशी मोजून टाकायची ती.

दोष माझाच. पर्युषणात कोळ्याच्या पाटीतला एक मासा विकत घेऊन सोडवला. "जित्ता शे, शेठ," म्हणाला तो. दरवर्षी असा जीव नदीत सोडतो. यंदा गिरणेला पूर, काठाशी जाता येईना, म्हणून ताराच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे चार-दोन पांढरे ठिपके होते. मी पाहिले होते. आठवड्याभरात लाल माशांवरही तोच रवा.

ताराच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर घरी मासे पाळतात, ते म्हणाले, हे अंग पोखरणारे बारीक जीव आहेत, पाण्यात मीठ टाका, मरतील. 'मरतील' या शब्दाशी मी अडलो. दोघांना वाचवायला हजार मारायचे? चार दिवस मीठ हातात घेतलं आणि परत ठेवलं. शेवटी आईनेच मूठभर टाकलं. "पाप मला लागू दे," म्हणाली. तोवर उशीर झाला होता. ते चार दिवस मी धर्म पाळत होतो, की नुसता भीत होतो?

सोडवलेला मासा मात्र बरा झाला. अंगावर एक ठिपका नाही. त्याच्याकडे बघवत नाही.

मघाशी सवयीने कणकेच्या तीन गोळ्या टाकल्या. त्याने एक खाल्ली. दोन तळाशी जाऊन बसल्या.