धाकट्या जावेची कात्री

४ ऑक्टोबर, सकाळ
अंगणात द्राक्षवेल माझी, भिंतीपलीकडची धाकट्या जावेची. इतकी वर्षं दोन्ही आमचे हेच छाटायचे. ते गेले, आणि आता कळतंय की छाटणी शिकवून गेले कोणाला, तर तिला! बायको मी. असो. मला काही वाटत नाही.

४ ऑक्टोबर, दुपार
अजूनही काही वाटत नाही.

५ ऑक्टोबर
जाऊ कात्री घेऊन दारात. म्हणे, ताई, तुमचीही छाटून देऊ का? म्हटलं, नको गं बाई, तुझी कंबर धरेल. तिची कंबर ठणठणीत आहे. लेक म्हणाला, छाटू दे ना काकूला. हा आजपासून तिचाच मुलगा.
निश्चय : छाटणी मीच करणार. यंदा तिच्या दुप्पट घड. ही वही मी सांगते नि नात लिहिते; तिला म्हटलं, हे जाड अक्षरात लिही.

६ ऑक्टोबर
खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. प्रत्येक काडीवर चांगले पाच-सहा डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, राखून कापते. भित्री! मी एकेकच डोळा ठेवला. काय सफाई! सून म्हणाली, आई, फारच कापलंत हो. हिच्या हाती कुंडीतला गुलाब जगत नाही, आणि मला शिकवते.

२३ ऑक्टोबर
वेल फुटली! पानं तिच्यापेक्षा मोठी. मुद्दाम बोलावून दाखवली. छान आहेत म्हणाली. जळली असणार.

१० नोव्हेंबर
तिच्या वेलीला घड दिसू लागले. माझे पानांमागे असतील. चांगला माल उघड्यावर नसतो.

१९ नोव्हेंबर
लेकाने पान न् पान उचलून पाहिलं. एक घड नाही. रोपवाटिकेवाल्याला फोन केला. तो म्हणे, घडाचा डोळा काडीवर जरा वर असतो, तोच आजींनी उडवला. पाहिलंत? जावेला ठाऊक होतं, पण बोलली नाही. आतल्या गाठीची!

२० फेब्रुवारी
जाऊ भरलेली टोपली घेऊन माझ्याच मांडवाखाली द्राक्षं निवडायला बसली. म्हणे, ताई, सावली मात्र तुमच्याकडचीच दाट. शेवटी विचारलंच, ह्यांनी तुलाच का गं शिकवलं? तर म्हणाली, भाऊजी आधी तुम्हालाच शिकवायला बोलवायचे. पण त्यांनी कात्री उचलली की तुम्हीच त्यांना शिकवायला लागायचात.
साफ खोटं. मी फक्त त्यांची चूक दाखवायचे.
दर काडीला.