गुणवंत मेमोरियल स्कॉलरशिप

६ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार
गुणवंत जाऊन तीन आठवडे झाले. जबल अलीला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये अकरा वर्षं माझ्या शेजारी बसला. काल त्याच्या रिकाम्या सीटवरून खाकरल्याचा आवाज आला. त्याचंच खाकरणं. इशारा उघड आहे: त्याच्या नावाने स्कॉलरशिप काढायची, पहिली मानकरी त्याची आभा. बारावीत आहे, आमच्या वेदांगच्याच वर्गात. ठरलं म्हणजे ठरलं.

१० नोव्हेंबर
गुणवंतच्या बायकोला, साधनावहिनींना कळवलं. म्हणाल्या, भावजी, स्कॉलरशिप राहू द्या, आधी कंपनीच्या साहेबांना भेटा. 'हे' गेल्यामुळे त्यांच्या नोकरीवरचे आमचे व्हिसे कॅन्सल होणार. तेवढे मार्चपर्यंत थांबवा, पोरीची परीक्षा इथेच होऊ दे. किरकोळ काम. साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पण आधी कमिटी.

२० नोव्हेंबर
पहिली मीटिंग, आमच्याच घरी, अल मनखूलच्या फ्लॅटवर. अध्यक्ष मी. नियम पहिला (माझा): अर्जदाराकडे यूएईचा रेसिडेन्स व्हिसा हवाच. बाकी वेळ बॅनरच्या रंगावर गेला. आमच्या बायकोने, हेमाने, मध्येच साहेबांचं विचारलं. बायकांना ऑर्गनायझेशन कळत नाही. रात्री लिफ्टमध्ये गुणवंतच्या डोक्याच्या तेलाचा वास. खूश दिसतो.

३ डिसेंबर
साहेबांना शनिवारी नक्की.

१२ डिसेंबर
साहेब आज कॉरिडॉरमध्ये एकटे सापडले. चीफ गेस्ट व्हा म्हटलं. इन्शाल्ला म्हणाले, हसले. त्यात व्हिशाचं काढून मूड कशाला घालवा. आठवड्यात रमझान लागतोय, हॉल मिळत नाही. समारंभ ५ फेब्रुवारीला. जे होतं ते बऱ्यासाठीच.

२९ डिसेंबर
व्हिशाची कामं बघणाऱ्या मुनीरने वहिनींचे आणि आभाचे व्हिसे कॅन्सल केले. म्हणतो, वरून कोणी थांब म्हणालंच नाही. महिन्याभरात देश सोडायचा. खलास.
सकाळी बसमध्ये गुणवंत प्रत्यक्ष दिसला. खिडकीकडे तोंड करून बसलेला. त्याला समारंभाचा अजेंडा वाचून दाखवला. वळला नाही. हाताला घाम सुटला होता, एसी बिघडला असेल. एवढं करतोय त्याच्यासाठी, तरी रुसवा.

२२ जानेवारी १९९९
त्यांना एअरपोर्टवर सोडलं. आभाला बारावी सांगलीत, वेगळ्या बोर्डातून, पुन्हा पहिल्यापासून. मी तिला समारंभाचं कार्ड दिलं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, अंकल, मी तेव्हा इथे नसेन. तरी आठवण म्हणून ठेव म्हटलं. येताना गाडीत मी आणि हेमा दोघंच. मागच्या सीटवर कोणीतरी खाकरलं. वेदांग तर घरी होता.

५ फेब्रुवारी
समारंभ. हॉल भरला. नियमात बसणारा अर्ज एकच: वेदांगचा. मीच भरला होता. नाव पुकारलं तर पोरगा उठला आणि सरळ बाहेर गेला, मागोमाग हेमा. साहेब ट्रॉफी धरून उभे. शेवटी मीच घेतली. फोटो निघाला.
हेमाच्या खुर्चीवर गुणवंत बसला होता. नवा शर्ट, भांग पाडलेला. पोरीच्या बक्षिसाला आल्यासारखा मान उंचावून इकडेतिकडे बघत होता. मला भयंकर भीती वाटली. मग त्याने विचारलं, आभा कुठे बसलीय?
मी म्हटलं, शनिवारी साहेबांशी बोलतो.