निरोपात एक तरी तक्रार हवी

दादा,

तुझ्या पाया पडून तुझी धाकटी बहीण कळवते की मी धडधाकट आहे, सून धडधाकट आहे, नातीला सर्दी आहे पण ती तिला वादळ नव्हतं तेव्हाही असायचीच. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला? तिला म्हणावं गार पाणी पिऊ नको. ऐकणार नाही, पण म्हणावं. अक्षर मोठं आलंय त्याला इलाज नाही. माझा चष्मा वादळात गेला, हा इथल्या आचाऱ्याचा आहे आणि कांदे चिरताना तो परत मागतो, म्हणून पत्र तुकड्यातुकड्यांनी चाललंय.

आमचा धाकटा सोमवारी सकाळी टेम्पो घेऊन समुद्राकडच्या रस्त्याने तुझ्याकडे निघाला आणि दुपारी वादळ आलं. मंगळवारी तुझा निरोप मिळाला की तो पोचला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कालपासून तो भांड्यातून बाहेर येऊन बसलाय. का, ते लिहायलाच हे पत्र आहे, पण एकदम त्यावर यायचा धीर होत नाही. आधी बाकीचं लिहिते.

आमच्या घराचे पत्रे उडाले. सगळे. एक शाळेच्या मैदानात सापडला, तो आपलाच आहे असं मी ठामपणे सांगितलं, पण आणखी सहाजणींनीही तसंच सांगितलं. आता आम्ही त्याच शाळेत राहतो, चौथीच्या वर्गात. मला दुसरीतून काढलं होतं ते आठवतं ना? बघ, मधली तिसरी न करता तुझी बहीण चौथीत बसली! (बाकावर मात्र नाही. बाक मुलांचे आहेत आणि माझं बूड मुलांचं नाही.) मदतीचं सगळं काम पीटीच्या बाई बघतात. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे जेवण, दोन म्हणजे बोट आली, तीन म्हणजे मी काहीतरी चुकले. आमच्या वर्गातल्या फळ्याचे त्यांनी दोन भाग केलेत. डावीकडे न सापडलेली माणसं, उजवीकडे सापडलेली. बोट एकच आणि डिझेल मोजकं, म्हणून डावीकडची नावं बघूनच बोट कुठे जायची ते ठरतं. हे नीट ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

फोन सगळे मेलेत. पण इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बॅटरीवर चालणारं एक बिनतारी यंत्र आहे. ते दिवसभर खरखरतं, म्हणून त्या माणसालाच सगळे खरखर म्हणतात, आणि तो ओ पण देतो. गावोगावचे निरोप तो ऐकतो आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे लिहून देतो. (तुझा निरोप ज्या कागदावर आला त्याच्या पाठीमागे कुणाला तरी गणितात चार मार्क आहेत.) ती चिठ्ठी ज्याची त्याला नेऊन वाचून दाखवायची, हे काम कुणाला मिळालं? मला! आवाज मोठा म्हणून. वर नारिंगी जाकीट, पाठीवर छापलेलं 'स्वयंसेवक'. दादा, एवढी नवीकोरी वस्तू मी लग्नानंतर पहिल्यांदा अंगात घातली. आरसा फुटलेला, म्हणून नातीला विचारलं कशी दिसते. ती म्हणाली, "आजी, तू रस्ता खणायला आल्यासारखी दिसतेस." तरी मी दोन दिवस ते झोपतानाही काढलं नाही.

आता शिंपिणीचं सांगते. शिंपी वादळाच्या आधी धक्क्यावरच्या दुकानातून शिलाईचं मशीन आणायला गेला तो गेलाच. शिंपीण आमच्याच वर्गात, दाराशी. मी चिठ्ठी घेऊन आत शिरले की ती उभी राहायची, मी मान हलवली की बसायची. पीटीच्या बाईंनीही जन्मात कुणाला एवढं उठवलं-बसवलं नसेल. पोटात अन्नाचा कण नाही. बुधवारी दुपारी माझ्या हातात आचाऱ्याला द्यायची चिठ्ठी होती, टाकीत औषध टाकल्याशिवाय पाणी कुणाला देऊ नये अशी. शिंपीण उठायला लागली आणि तिला पुरतं उभं राहता येईना. भिंतीला धरून तिने माझ्याकडे बघितलं. मला मान हलवता आली नाही, दादा. मी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सुखरूप आहे. काळजी नसावी."

ती जेवली. दोनदा वाढून घेतलं. मग उशाशी ठेवायला चिठ्ठी मागायला लागली. मी म्हटलं कागद ऑफिसात जमा करावा लागतो, आणि ब्लाउजमध्ये खुपसली. (आचाऱ्याला औषधाचं तोंडी सांगितलं. किती टाकायचं, म्हणाला. मी म्हटलं, बेताने.) मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, माणूस येईल तेव्हा येईल, तोवर बाई जेवेल तरी.

तीन वाजता वर्गात आले आणि फळा बघितला. शिंप्याचं नाव उजवीकडे! शिंपीण स्वतः बाईंना सांगून आली होती. धक्क्याकडचं तेवढं एकच नाव होतं. ते पुसल्यावर धक्क्यावर जाणारी बोट मिठागराकडे गेली.  खेळाच्या सामानाची खोली आहे, तिथे चटयांच्या मागे जाऊन बसले. भीती म्हणजे काय ते मला वादळातही कळलं नव्हतं. वादळात निदान ओरडता येत होतं. इथे तोंडावर जाकिटाची बाही दाबून बसले होते आणि डोळ्यांपुढे धक्का, पाणी, आणि त्या पाण्यात उभा असलेला एक माणूस, जो बोट येईल म्हणून वाट बघतोय आणि मी ती दुसरीकडे पाठवलीय. बाहेर शिट्टी वाजली की वाटायचं, माझ्यासाठीच. शेवटी उठले. बाईंना म्हटलं, शिंपी सापडलेला नाही, तो मी सापडवला.

बाईंच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. "आजी, तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय म्हणूनच आले, ओरडा नंतर, आधी बोट वळवा. खरखर तासभर ओरडत होता, पण बोटीला काही ऐकू गेलं नाही. ती परत आली तोवर समुद्र खवळला होता. सकाळशिवाय जमणार नाही, म्हणाले. मग शिंपिणीलाही मीच सांगितलं. तिने हातातला चहा फक्त खाली ठेवला.

काल सकाळी दोन शिट्ट्या झाल्या. शिंपी धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर सापडला, मशीन कवटाळून बसलेला. त्याला तसाच पलीकडच्या दवाखान्यात नेला. दुपारी त्याची चिठ्ठी आली, आणि काय सांगू, खरखरला कागदाच्या दोन्ही बाजू पुरल्या नाहीत! पाय सुजलाय. मशीनची सुई मोडली. इथला चहा म्हणजे गरम पाणी. शेजारचा घोरतो. बोट एक दिवस उशिरा का आली ते विचार. माझी मोठी कात्री कुणाला कागद कापायला देऊ नकोस, देशील तू. शिंपिणीने कागद माझ्या हातून ओढूनच घेतला, वाचत होती आणि हसत होती आणि रडत होती. "हाच तो," म्हणाली, "दुसरा कुणी असूच शकत नाही."

जाकीट अर्थातच गेलं. आता मी चादरींच्या घड्या घालते. शिंपीण बोलते माझ्याशी, पण चहा झालाय असं जरी सांगितलं तरी म्हणते, "कागद दाखवा." तरी दादा, माणूस जिवंत आहे, आणि मी घड्या घालताना गुणगुणते. आचारी चष्मा मागतोय. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी बहीण

ता. क. चष्मा परत मिळाला. शिंप्याची चिठ्ठी ऐकल्यावर मी तुझी मंगळवारची चिठ्ठी काढून वाचली. 'भाचा पोचला. सुखरूप आहे. काळजी नसावी.' शब्द न् शब्द मी शिंपिणीला वाचून दाखवले तेच! तेव्हा कळलं मला ते कुठून सुचले. दादा, खरं माणूस निरोप पाठवतं तेव्हा त्यात काहीतरी कुरकुर असते. आमचा धाकटा माझ्या हातचं जेवण चोवीस वर्षं नावं ठेवत जेवतोय. तो तुझ्याकडे पोचला आणि त्याला उशी टणक लागली नाही? चहात साखर कमी पडली नाही? आणि निरोप पाठवणारा कोण, तर तू. माझी मांजर मेली तेव्हा ती मामाकडे राहायला गेली म्हणून सांगणारा. मी किती वर्षं मामाला विचारत होते मांजर कशी आहे, आणि तोही म्हणायचा, मजेत आहे.

ता. क. दुसरा. सून जेवते, हसते, त्याचे कपडे वाळत घालते. तिला मी काही बोललेले नाही. पण बाईंना विचारून त्याचं नाव फळ्यावर डावीकडे खाली कोपऱ्यात बारीक लिहिलंय आणि पुढे खुर्ची ठेवलीय. समुद्राकडचा रस्ता अजून पाण्याखाली आहे. डिझेल आता एकाच फेरीचं उरलंय आणि मिठागराकडे अजून चार माणसं अडकलीत. बोट रविवारी सकाळी निघेल. तो तुझ्याकडे असेल तर ती त्या चौघांकडे जाऊ दे, माझ्या भीतीपायी त्यांची बोट मी पळवणार नाही. नसेल तर ती रस्त्याकडे जायला हवी. बिनतारीवर विचारलं नाही, कारण खरखरच्या हातचं अक्षर सगळ्यांचं सारखंच दिसतं. हे पत्र डोंगराकडच्या रस्त्याने जाणाऱ्या पाण्याच्या टँकरवाल्याकडे देतेय, तो उद्या शनिवारी संध्याकाळी तुझ्याकडून परत निघतो.

ता. क. तिसरा. टँकरवाला हॉर्न वाजवतोय. धाकटा तिथे असेल तर त्याच्या हाताने एक तक्रार लिहून घे. माझ्याबद्दलची असली तरी चालेल, असलेली बरी. आणि नसेल, तर नुसतं 'नाही' लिही. गोड काही लिहू नकोस, दादा.