पावणेतीनशेचा नंबर

मंगळवार, दिवेलागण

वैजापूरच्या आडतवाल्या काकांचा कॉम्प्युटर इथं दुकानात बसूनच दुरुस्त करायचा, म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यांच्या स्क्रीनवरचा, मिनिटामिनिटाला बदलणारा नंबर मी इकडं टाकायचा, की त्यांचा कॉम्प्युटर इथं दिसतो, एवढंच. काका फोनवर म्हणाले, "लिही. दीडशे, पावणेतीनशे, सव्वासहाशे." मी पावणेतीनशे बोटांवर मोजेपर्यंत नंबर बदलला. असं तीनदा!

"काका, एकेक आकडा सांगा ना."

"असं सुटं सुटं कोण बोलतं?" चिडलेच.

नंबर न बदलणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? का पावकी-पाऊणकी पाठ करावी? ती तरी फुकट. पावणेतीनशे... लई थकलो आज. शेवटी म्हणालो, मीच येतो. कंबर दुखतीय, तरी. काका लगेच खुलले, "उद्या पाऊण वाजता ये, जेवायलाच."

पाऊण वाजता म्हणजे किती, ते मात्र मोजावं लागलं नाही.