कोरडी ठेवायची ताटली

अण्णा,

पहिली शिफ्ट सुटली की तुम्ही मला कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी सायकलवर घ्यायचात, आणि कुंडलिकेचा पूल आला की आपण दोघं उतरून चालायचो. पुलाला चढ नव्हता. उतरायचं कारण एवढंच, की समोरून कंपनीचे ट्रक यायचे आणि त्यांच्यावर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, वाच. मी वाचायचे. अवघड शब्द आला की मी तो जरा घाईनं म्हणून टाकायचे, तुम्हाला ते कळायचं नाही, आणि पलीकडे आपल्या अष्टमी गावात शिरेपर्यंत तुमची मान ताठ असायची. वाण्याकडे साखर घेतानाही तुम्ही सांगायचात, की आमची पोरगी इंग्रजी धडाधडा वाचते. तो बिचारा पुडीला दोरा गुंडाळत मान हलवायचा.

तुम्ही वायरमन होतात. कामावरच्या धुरानं तुमची छाती भरायची, डॉक्टर म्हणाले होते नोकरी बदला, आणि बदलून करायचं काय याचं उत्तर तुम्ही आपल्या दोन खोल्यांतल्या स्वयंपाकघरात फळ्या ठोकून तयार करत होतात. अंडी उबवायची पेटी. आत दोन बल्ब, थर्मामीटर, उष्णतेनं फुगून बल्ब बंद करणारी पत्र्याची चपटी डबी, आणि तळाशी पाण्याच्या दोन ताटल्या. ही जमली की निडीला आईच्या माहेरच्या जागेत मोठी पेटी, मग पिलं विकायची, मग शिफ्टला रामराम. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, बल्बाला कसली माया? कोंबडीचं काम कोंबडीला करू द्या की." पण चुलीजवळचा उबदार कोपरा तिनंच लोणच्याच्या बरण्या हलवून पेटीसाठी मोकळा केला होता, हे मला आठवतं.

पुण्याहून टपालानं मागवलेली पुस्तिका इंग्रजी होती. एका रविवारी दुपारी मी ती वाचते आहे, मराठीत सांगते आहे, आणि तुम्ही चौकटीच्या वहीत उतरून घेता आहात. पारा शंभराच्या जरा खाली. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसरीकडे गोल, म्हणजे चूक होत नाही. अठरा दिवसांनंतर फिरवायचं बंद. दोन्ही ताटल्या पाण्यानं भरलेल्या ठेवायच्या. मग शेवटचा परिच्छेद आला. बारीक टाइप, लांबलचक शब्द. मी दोन ओळी मनात वाचल्या आणि मला त्यातलं धड काही कळलं नाही. तुम्ही पेन्सिल टेकवून थांबला होतात. येत नाही असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "हे नुसतं सामान कुठं मिळतं ते लिहिलंय." तुम्ही वही मिटलीत.

श्रावण होता. भिंतींना ओल आली होती. एकोणिसाव्या दिवशी तुम्ही मला बोलावून एक अंडं माझ्या कानाशी धरलंत. आतून बारीक चिवचिव येत होती. तुम्ही इतकंच म्हणालात, "बोलतायत गो." एकविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. एकाही कवचाला तडा नाही. शेवटी तुम्हीच ती मोरीपाशी बसून फोडलीत. पिलं पुरती वाढलेली, चोची, नखं, सगळं जागच्या जागी, आणि सगळी ओलीचिंब. आई त्या दिवशी एक शब्द टोचून बोलली नाही. हात धुताना तुम्ही तिला म्हणालात, "पेटी चुकली. माझ्या हातचं काम नाय हे." मी हंड्याजवळ उभी होते. आपण काहीतरी न वाचता सोडलंय हे मला माहीत होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल की नाही हे माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर नव्हता. पेटी माळ्यावर गेली. तुम्ही शिफ्टला जात राहिलात, खोकत राहिलात. पुढे कधी विषय निघाला की म्हणायचात, आपल्याला जमलं नाय ते.

गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या सुनेचा फोन आला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. हुशार आहे, तोंडाळही आहे. म्हणाली, "आत्या, माळ्यावरचं ते खोकं भंगारात देऊ की तुम्ही पूजा करणार त्याची?" मी पेटी पेणला माझ्या घरी घेऊन आले. ऊब देणारे जुने तारेचे बल्ब शोधायला पेणभर हिंडले. निडीहून मामीकडून अंडी आणली. मामीनं ऐंशी ओलांडली, पण बोलणं तेच. "खुडूक कोंबडी बसलेय माझ्याकडं, ती ने. पेटीत कशाला घालतेस गो?" पेटीबरोबर आलेल्या तुमच्या वहीत होतं तसं सगळं केलं. दोन्ही ताटल्या रोज भरल्या. आणि तेविसाव्या दिवशी माझ्याही हातात तीच ओली पिलं आली.

मला वाटलं, खरंच पेटी चुकली असेल. मग एकेक तपासत बसले. कोमट पाण्यात तुमचा थर्मामीटर आणि तापाचा थर्मामीटर शेजारी शेजारी धरले. दोघांचं एकमत झालं. डबी वेळेवर फुगत होती. अंडी चांगली होती, आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात शिरांचं जाळं मी स्वतः पाहिलं होतं. राहता राहिल्या ताटल्या. त्या उचलल्या, तर खाली पुस्तिका, घडी केलेली.

शेवटचा परिच्छेद मी ओट्यापाशी उभ्यानं वाचला. समुद्राजवळच्या गावी आणि पावसाळ्यात पहिले अठरा दिवस दोन्ही ताटल्या कोरड्या ठेवा, असं लिहिलं होतं. अंड्यातलं पाणी थोडं उडून गेलं पाहिजे, तरच बोथट टोकाशी हवेची जागा वाढते, आणि पिलू पहिला श्वास तिथे घेतं. पाणी द्यायचं ते शेवटचे तीन दिवस. धरमतरच्या खाडीवरून वारा आला की माझ्या घरात डबीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, आणि मी वर ताटल्या भरत होते. पिलं आतल्या आत बुडाली होती, अण्णा. पेटी चुकली नव्हती.

या पावसाळ्यात पुन्हा बारा अंडी लावली. ताटल्या कोरड्या. आठवड्याला एकदा उजेडापुढे धरून हवेच्या जागेभोवती पेन्सिलीनं रेघ ओढायची, पुढच्या आठवड्यात रेघ खाली सरकलेली असायची. अठराव्या दिवशी पाणी घातलं, झाकण लावलं. विसाव्या दिवशी दुपारी एका कवचाला बारीक भोक पडलं आणि चार तास पुढे काही होईना. झाकण उघडून मदत करावी म्हणून हात शिवशिवत होते. मी हात पदरात गुंडाळून पेटीच्या काचेसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत बारांतली नऊ बाहेर होती, वाळून गोळे झालेली, एकमेकांच्या अंगावर चढणारी. मी मामीला फोन लावून नुसता आवाज ऐकवला. ती म्हणाली, "व्हय गो, झाली की. तुझा बापूस असायला हवा होता."

आता वाटणी. पिलांना पिसं फुटली की चार मामीला, कारण अंडी तिची. पाच धाकट्याच्या सुनेला, आणि पेटीही तिलाच. तिनं मागून घेतली आहे, भंगाराचं नाव काढत नाही. बल्बांचा जादा जोड तिच्याबरोबर जाईल. तुमची चौकटीची वही धाकट्याच्या नातवंडांनी फाडू नये म्हणून त्याच्या कपाटात. पुस्तिका मी ठेवते. तिचा शेवटचा परिच्छेद मराठीत उतरवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, मोठ्या अक्षरात. हे पत्र कुठे जायचं नाही, ते पुस्तिकेत राहील.

आणि एक. चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी तो परिच्छेद उतरवताना एका शब्दाला मी अडले. या वेळी शब्दकोश उघडला.